नानीची वही

(थोर स्त्रियांची चरित्रे आपण पुस्तकात वाचतो. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, अशा स्त्रिया आपल्या घरातही असतात. त्यांना ओळखायचे कसे, हे लेखिकेने या पाठात सांगितले आहे. लेखिका बीड जिल्ह्यातील उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहेत.)

थोर स्त्रियांचे धडे आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. शिवरायांना घडवणाऱ्या जिजाबाई, अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी, मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले ही नावे तुम्हांला तोंडपाठ आहेत. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी तर आपल्या जिल्ह्याच्या शेजारीच, जामखेड तालुक्यात आहे.

आता एक सोपा प्रश्न विचारते. तुमच्या नानीचे पूर्ण नाव काय? दादीचे माहेर कोणते? ती तुमच्या वयाची होती तेव्हा दिवसभर काय करत असे?

नववीच्या वर्गात मी हा प्रश्न दरवर्षी विचारते. मुले एकमेकांकडे पाहू लागतात. एकाने वहीत "नाव : दादी" असे लिहून दिले होते. त्याच मुलाला चांदबिबीच्या किल्ल्याला मोगलांनी वेढा घातला ते १५९५ हे साल मात्र न अडखळता सांगता आले. यात त्या मुलाचा दोष नाही. घरात दादीला कोणी नावाने हाक मारत नाही. कोणी अम्मी म्हणते, कोणी भाभी, कोणी फुफी. शेजारीपाजारी तिला मुलाच्या नावाने ओळखतात. असे करता करता तिचे नाव फक्त रेशनकार्डावर उरते.

आपल्या घरात मोठ्या स्त्रियांविषयी आदर नसतो, असे मुळीच नाही. ईदच्या सकाळी आपण तिला सलाम करतो, तिच्या हातून ईदी घेतो. ती आजारी पडली की घर बेचैन होते. परंतु ज्या व्यक्तीविषयी आपल्याला काहीच माहिती नाही, तिचा आदर करायचा म्हणजे नेमके कशाचा आदर करायचा? म्हणून आधी तिला विचारले पाहिजे, आणि जे ती सांगेल ते लिहून ठेवले पाहिजे. एका मुलाने आपल्या आईसाठी हे काम केले आणि मराठी भाषा श्रीमंत झाली. त्याची हकिकत ऐका.

खानदेशात जळगावजवळ असोदे नावाचे गाव आहे. तिथे १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिसाव्या वर्षी त्यांचे पती वारले. पदरी लहान मुले, घरात शेतीचे काम. बहिणाबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पण जात्यावर दळताना, चुलीपुढे बसताना, शेतात काम करताना त्या स्वतःची गाणी रचत आणि म्हणत. पेरणी, कापणी, पाखरू, विहिरीची मोट, माणसाचे मन, असे जे समोर दिसे त्यावर गाणे होई. म्हणून झाले की ते वाऱ्यावर जाई.

त्यांचा मुलगा सोपानदेव शाळेत शिकत होता. असे सांगतात की, एकदा त्याने पाठ्यपुस्तकातील सावित्री आणि सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. आई ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या गोष्टीचे गाणे तयार केले होते! पुढे सोपानदेव आणि त्यांचे एक भाऊबंद आईची गाणी जशी कानी पडतील तशी टिपून ठेवू लागले. सोपानदेव चौधरी स्वतःही नामांकित कवी झाले.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखवली. अत्रे मोठे लेखक आणि संपादक. ती गाणी वाचून ते थक्क झाले. हे अस्सल सोने महाराष्ट्रापासून लपवून ठेवणे हा गुन्हा ठरेल, असे त्यांचे म्हणणे पडले. १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. २०१८ साली ते देण्यात आले. जिने कधी पाटी हातात धरली नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठातून मुले पदवी घेऊन बाहेर पडतात.

या हकिकतीत मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सोपानदेवांनी आईची भाषा बदलली नाही. बहिणाबाईंची बोली खानदेशी होती. पुस्तकी मराठीत ती गाणी 'शुद्ध' करून लिहिली असती, तर त्यांतला जीव गेला असता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी दखनी बोलतात आणि शाळेत ती बोलताना लाजतात. त्यांनी हे लक्षात ठेवावे.

उर्दूच्या तासाला तुम्ही मौलाना मोहम्मद अली आणि मौलाना शौकत अली यांच्याविषयी ऐकले असेल. त्यांच्या आई आबादी बानो बेगम यांना सारा देश 'बी अम्मा' म्हणून ओळखत असे. तरुणपणीच त्या विधवा झाल्या. मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी दागिने गहाण ठेवले. खिलाफत चळवळीच्या काळात उतारवयात त्यांनी देशभर फिरून सभांत भाषणे केली. मौलाना मोहम्मद अलींनी आत्मचरित्रात आईविषयी मोठ्या आदराने लिहिले आहे. तेव्हा हे काम केवळ एका कवीने केले असे नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. त्यांच्याच घरातील फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या कामात सहभागी झाल्या. एका मुस्लिम स्त्रीने त्या काळात घराबाहेर पडून असे काम करणे ही केवढी गोष्ट! पण फातिमाबींविषयी आज हाती काय आहे? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना एक पत्र लिहिले. आपण आजारी असल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. एक जुने छायाचित्र आहे. त्यांच्या घरच्या कोणी लिहिलेली वही नाही, आठवण नाही. म्हणूनच आज त्यांच्याविषयी वाद घालणाऱ्यांना जागा मिळते. सावित्रीबाईंनी ती एक ओळ लिहिली नसती तर? हा प्रश्न माझ्या मनात अनेकदा येतो.

दूरच्या पुण्याचे सोडा. आपल्या बीड जिल्ह्यातही एक चांगले काम झाले आहे. पूर्वी गावोगावी बायका पहाटे उठून जात्यावर ज्वारी दळत. दळताना ओव्या म्हणत. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओव्या थांबल्या. त्या पुरत्या विसरण्याआधी पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीतील बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर त्या बायकांनी स्वतः रचलेल्या ओव्या त्यांत आहेत. बाहेरगावची माणसे यंत्र घेऊन दारात आली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता ते आम्हांला ऐकायचे आहे." किती बायकांना असे कोणी पूर्वी म्हटले असेल?

जात्यावरची गाणी केवळ मराठीत होती असे समजू नका. विजापूरच्या सूफी परंपरेत दखनी भाषेतील 'चक्कीनामे' आहेत. बायकांनी दळताना म्हणावीत अशी ती गाणी. जात्याच्या खुंट्याची तुलना त्यांत अलिफ अक्षराशी केलेली आढळते. म्हणजे ओवी म्हणणारी मराठी आजी आणि चक्कीनामा म्हणणारी दखनी दादी, दोघींच्या हातात जात्याचा खुंटा एकच होता.

आता माझ्या नानीविषयी सांगते.

माझी नानी मनियारीण होती. बालाघाटाच्या पठारावर, नेकनूरच्या आसपासच्या गावांत आणि वाड्यांवर ती काचेच्या बांगड्या विकत असे. माल फिरोजाबादचा. बीडच्या व्यापाऱ्याकडून तो उधारीवर आणायचा, टोपलीत बांगड्यांचे तोडे रचायचे, वर जुन्या लुगड्याचे फडके बांधायचे आणि उजाडताच निघायचे. एका दिवसात दोन-तीन गावे होत. उन्हाळ्यात पायांना चटके बसत. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या गावी कोणाच्या तरी ओसरीवर मुक्काम पडे.

बाईचा हात हातात घेतला की नानीला माप कळत असे. फूटपट्टी नाही, काही नाही. अंगठ्याच्या बुडाचे हाड हळूच आत दाबायचे, पाचही बोटे जुळवायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटावर चढवायची. भरताना बांगडी तडकली तर ते नुकसान मनियारणीचे, असा रिवाज होता. म्हणून नवशिक्या मनियाराचा नफा पहिल्या वर्षी काचेतच जातो, असे ती हसत सांगे.

'तडकली' हा शब्द मी लिहिला खरा, पण नानीने तो कधी उच्चारला नसता. मराठी घरात बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, कारण ते अशुभ मानतात. बांगडी 'वाढली' असे म्हणायचे. तसेच नारळ फोडला न म्हणता नारळ 'वाढवला' म्हणतात, दुकान बंद केले न म्हणता दुकान 'वाढवले' म्हणतात. हे मला कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवले नाही. नानीने शिकवले. तिला ना उर्दू वाचता येत होते, ना मराठी. पण आमच्या घरात मराठी आली ती तिच्या टोपलीतून. मी आज तुम्हांला मराठी शिकवते, त्याची सुरुवात तिथे आहे.

लग्नाचा हिरवा चुडा, डोहाळजेवणाच्या बांगड्या, नागपंचमीच्या, संक्रांतीच्या, या सगळ्यांसाठी नानीला बोलावणे येई. गावातल्या बायका तिला भाभी म्हणत. नवरीच्या हातात चुडा भरून झाला की नवरी तिला नमस्कार करी. मग नानी तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देई. ज्या मुलीला तिने पहिली बांगडी भरली, तिच्याच मुलीच्या लग्नात चुडा भरायला ती पुढे गेली, असे कितीतरी घरांत घडले.

व्यवहार बहुतेक उधारीचा. सुगी झाली की ज्वारी मिळे. पायलीने मोजून घ्यायची आणि डोक्यावरून घरी आणायची. हिशेब लिहायला येत नव्हता. बांगड्या ज्या सुतळीत ओवून येत, त्या सुतळीला नानी गाठी मारत असे. प्रत्येक गावाची सुतळी वेगळी. लहान गाठ म्हणजे अर्धी पायली, मोठी गाठ म्हणजे पायली. कोणती गाठ कोणत्या घरची, हे तिच्या डोक्यात असे. दोन्ही बाजूंनी विश्वास होता, म्हणून असा हिशेब चाले.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याआधीही पाऊस ओढ देत होता. त्या वर्षी तर विहिरी कोरड्या पडल्या. ज्याच्या घरात भाकरी नाही, तो बांगड्या काय भरणार? नानीची टोपली खुंटीला लागली. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. रस्त्यासाठी खडी फोडायची आणि दिवसाची मजुरी घ्यायची. नानी घण-हातोडा घेऊन खडी फोडायला गेली. घरी चार मुले होती.

तिथे पोहोचून पाहते तो काय! ओळीने बसलेल्या बायका सगळ्या तिच्या ओळखीच्या. ज्यांच्या हातांत तिने बांगड्या भरल्या होत्या त्याच त्या. शेतमालकाच्या घरची सून आणि तिच्या शेतात राबणारी बाई शेजारी शेजारी बसून दगड फोडत होत्या. एकीने विचारले, "भाभी, तू बी आलीस?" नानी म्हणाली, "आले बाई. तुमचे हात रिकामे, तर माझी टोपली भरलेली कशी राहील?" खडी फोडताना काचेची बांगडी टिकत नाही. बऱ्याच जणींची मनगटे मोकळी होती. नानीला दगडापेक्षा ते पाहण्याचा त्रास अधिक झाला. हे तिने मला चाळीस वर्षांनी सांगितले, तेव्हाही तिचा आवाज बदलला होता.

उधारीच्या सुतळ्या घरी खुंटीवर टांगलेल्या होत्या. त्या वर्षी नानीने एकीलाही पैसे मागितले नाहीत. ती म्हणे, "दुपारी एकमेकींच्या फडक्यातली सुकडी खायची आणि संध्याकाळी गाठी मोजायच्या? ते मला जमलं नसतं." पुढे पाऊस झाला, सुगी आली. दोन घरे गाव सोडून गेली होती. बाकीच्या बहुतेक घरांनी आठवणीने ज्वारी दिली.

त्या टोपलीच्या जोरावर माझी अम्मी सातवीपर्यंत शिकली. आमच्या घराण्यात सही करणारी ती पहिली मुलगी. "मुलीला इतके शिकवून काय करणार?" असे नात्यातील माणसे म्हणत. नानी त्यांच्याशी वाद घालत नसे. ती आठवड्याला एक गाव जास्त करी. वह्यांचा खर्च त्यातून निघे.

हे सारे मला कसे कळले? २०१२ साली माझी बी.एड.ची परीक्षा संपली. सुट्टीत मी नानीकडे राहिले आणि एक दोनशे पानी वही घेऊन तिच्याजवळ बसले. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "नानी, तुझ्या जीवनाविषयी सांग." ती म्हणाली, "मेरेकू क्या पूछती गे? मैं क्या रानी हूं?" आणि लसूण सोलू लागली. मग मी वेगळे विचारले. "टोपलीत सगळ्यांत खाली कोणत्या बांगड्या ठेवायचीस?" झाले! दोन तास ती बोलत होती. जाड बांगड्या खाली, बारीक वर, लहान मुलींच्या एका बाजूला. त्यावरून गावे निघाली, गावांवरून माणसे, माणसांवरून दुष्काळ.

तुम्हीही असेच करा. भाषण करायला सांगू नका, कामाविषयी विचारा. चूल कशाची होती, पाणी किती लांबून आणायचे, लग्नाचा जोडा कोणी शिवला, पहिली एस.टी. कधी पाहिली. ती काम करत असेल तर सोबत काम करा. हात चालू असले की माणूस मोकळेपणाने बोलतो. ती ज्या भाषेत बोलेल त्याच भाषेत लिहा, मग लिपी उर्दू असो की देवनागरी. शब्द कळला नाही तर विचारा, पण सुधारू नका. आणि काही गोष्टी ती लिहू देणार नाही. तिथे पेन खाली ठेवा. माझ्या नानीने चार-पाच गोष्टी सांगून "ये नक्को लिख" म्हटले. त्या मी लिहिल्या नाहीत. तिचे नाव वहीच्या पहिल्या पानावर आहे. पण ते छापायला तिची संमती नव्हती. "नाव घरात राहू दे, बाजारात नको," असे तिचे म्हणणे. म्हणून या पाठात ते दिलेले नाही.

काहींना वाटेल की, आमच्या नानीने किंवा अम्मीने सांगण्यासारखे काही केलेच नाही. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसे दोन, मोजणी एक. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेते. त्याआधी पहाटे उठून तिने भाकऱ्या केलेल्या असतात. पण मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर असते. बाईच्या कामाचा वेगळा हिशेब कोणत्याच वहीत सापडत नाही. तुमच्या वर्गात अशा आईचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांनी हंगाम संपून आई परतली की तिला विचारावे : एका दिवसात किती मोळ्या? शिडीवरून वाहनावर चढताना तोल कसा सांभाळतेस? हे काम सोपे आहे असे ज्याला वाटते, त्याने एक मोळी उचलून पाहावी.

सरकारी कागदपत्रांत थोडा बदल झाला आहे. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकाच्या नावात आधी त्याचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असे नोंदवतात. ही मुले शाळेत येतील तेव्हा हजेरी घेताना शिक्षकांच्या तोंडी आईचेही नाव येईल. ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या नावापुढचे सारे त्या मुलांनाच विचारून घ्यावे लागेल. ते कोणत्या दाखल्यावर मिळणार नाही.

नानी २०१६ साली वारली. वहीची एकशे एकोणनव्वद पाने भरली होती. उरलेल्या पानांवर आता अम्मी स्वतः लिहिते, उर्दूत, तिच्या सातवीच्या अक्षरात. सातवीनंतर शाळा का सुटली, तिथपर्यंत ती आली आहे.

शब्दार्थ

हकिकत – घडलेली गोष्ट, वाकया
मोट – विहिरीतून पाणी काढण्याचे चामडी साधन
ओवी – जात्यावर म्हणायचे गाणे
ओसरी – घरापुढील छप्पर असलेली मोकळी जागा
चुडा – लग्नात भरायच्या बांगड्या
सुगी – पीक हाती येण्याचा काळ
पायली – धान्य मोजण्याचे जुने माप
सुकडी – दुष्काळात वाटलेला कोरडा, पौष्टिक खाऊ
पाचट – उसाची वाळलेली पाने
उचल – कामाआधी घेतलेली रक्कम, पेशगी

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बहिणाबाईंचा जन्म कोठे झाला?
(आ) 'एक कोयता' म्हणजे काय?
(इ) नानी उधारीचा हिशेब कशावर ठेवत असे?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोपानदेवांनी आईची बोली बदलली नाही, हे लेखिकेला महत्त्वाचे का वाटते?
(आ) दुष्काळात नानीने उधारी का मागितली नाही?
(इ) फातिमा शेख यांच्याविषयी आज फार थोडी माहिती का मिळते?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
तोंडपाठ असणे, थक्क होणे, आसरा देणे, पाऊस ओढ देणे.

प्र. ४. 'बांगडी वाढणे', 'नारळ वाढवणे' यांसारखे अशुभ शब्द टाळण्यासाठी वापरले जाणारे शब्द उर्दूत किंवा दखनीत आहेत का? घरी विचारून दोन उदाहरणे लिहा.

उपक्रम : घरातील एका वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा. तिची उत्तरे तिच्याच शब्दांत लिहा. वर्गात वाचण्यापूर्वी तिची परवानगी घ्या.